खिडकीजवळची जागा

आमच्या दुकानात टेप आहे, पण ती खुंटीला शोभा म्हणून. मुलांचं माप मी डोळ्यांनी घेते. मूल दारातून आत आलं, एकदा पुढून बघितलं, एकदा पाठमोरं, झालं काम. नवख्या आया कुरकुरतात, "अहो, मोजा तरी नीट!" मी म्हणते, "मोजून हवं असेल तर वाण्याकडे जा. इथे कपडे शिवतात."

समोरच्या शाळेचे गणवेश आमच्याकडे शिवतात. आधी आमचे मास्तर शिवायचे, म्हणजे माझे यजमान. शिंपी म्हणून ते मास्तर, आणि त्यांची बायको म्हणून मी मास्तरीणबाई. चौथीत शाळा सुटलेली मास्तरीणबाई! शाळेतल्या खऱ्या बाई रस्त्यात भेटल्या की आम्ही एकमेकींना "काय बाई?" म्हणतो, आणि दोघींत माझीच मान जास्त ताठ असते. आता मास्तर नाहीत. मशीनवर मी आणि माझा चिरंजीव बसतो, काजं-बटणं सूनबाई करते.

गणवेश शिवताना मूल आज केवढं आहे एवढंच बघून चालत नाही. ते पुढे केवढं होणार तेही बघावं लागतं. खाली दुमड ठेवायची, बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवायची, आणि दर वर्षी थोडं उसवून सोडायचं. कोण किती वाढणार हे मला पोराच्या पंजांवरून आणि बापाच्या खांद्यांवरून कळतं.

आमच्या घरात एक रीत आहे, मास्तरांच्या वेळेपासूनची. कापडाला कात्री लागली की वाद संपला. गिऱ्हाईक असो नाहीतर घरचं माणूस, कात्री लागेपर्यंत काय बोलायचं ते बोला. एकदा कापलं की कापड परत जात नाही, तसा शब्दही परत जात नाही.

माझ्या नातीला आम्ही टाचणी म्हणतो. अंगानं बारीक, डोकं तेवढं मोठं, घरभर कुठेही सापडणार आणि सापडली की बोचणार. "आजी, सावलीला रंग का नसतो?" "आजी, सगळ्यात मोठ्या आकड्यात एक मिळवला तर?" मी म्हणायची, "मिळव आणि गप बस." ती मिळवायची, पण गप बसायची नाही.

शाळा दुकानाच्या अगदी समोर. मधली गल्ली अशी की इकडे शिंकलं तर तिकडून कुणीतरी औषध सांगतं. टाचणीची जागा पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळ. माझं मशीन दाराशी, उजेडाला. मान वर केली की ती दिसायची, आणि जेव्हा बघावं तेव्हा ती माझ्याकडेच बघत असायची. हनुवटी हातावर टेकलेली, डोळे माझ्यावर. मी कात्री हलवायची, ती पेन्सिल हलवायची. काय सांगू, नवऱ्यानंसुद्धा मला इतकं कधी बघितलं नाही.

शेजारच्या इस्त्रीवाल्याला मी ते मुद्दाम दाखवायची. त्याची मुलगी मनी आणि आमची टाचणी एकाच बाकावर. "बघ रे, तुझी मनी वहीत डोकं घालून बसलीय. माझी नात आजीला विसरत नाही."

तो इस्त्री फिरवत हसायचा. "मास्तरीणबाई, माझी डोकं घालते कारण तिला कळत नाही. तुमचीला न बघताच कळतं."

मधल्या सुट्टीत दोघी गल्ली ओलांडून पळत यायच्या. कापायच्या टेबलावर चढून बसायच्या, डबा तिथेच उघडायच्या, आणि चिंध्यांचा पसारा करून ठेवायच्या. जेवून झालं की टाचणी हात पुसून माझ्या सुयांत दोरे ओवून द्यायची. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. नजरेनं माप घेणाऱ्या बाईला सुईचं नाक दिसत नाही, हे गल्लीत कळलं असतं तर त्या टेपवाल्या आयांनी मला जगू दिलं नसतं. टाचणी ओवायची आणि सुया ओळीनं उशीत टोचून ठेवायची. "उद्यापर्यंत पुरव हं, आजी." जशी काही ती माझी मालकीण.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः दुकानात आल्या. मला वाटलं ब्लाऊज बिघडला. पण त्या टाचणीबद्दल बोलायला आल्या होत्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक वेगळी शाळा आहे, फक्त फार हुशार मुलांची. तिथल्या लोकांनी मागे सगळ्या शाळांतून परीक्षा घेतली होती, आणि आमच्या शाळेतून एकटी टाचणी निवडली होती. सकाळी त्यांची गाडी न्यायला येते, दिवेलागणीला परत सोडते. आठवडाभरात हो की नाही ते सांगायचं.

मी म्हटलं, "बाई, निवडतात ते धान्य. धान्य निवडलं की खडे उरतात. मग तुमच्या वर्गातली बाकीची पोरं काय खडे?"

बाई म्हणाल्या, "मला नका विचारू हे. तुमच्या घरातली एक जाईल, पण माझ्या वर्गातला दिवाच जाईल. तरी मी सांगायला आले ना?"

मी त्यांना पाणी दिलं.

घरात त्या दिवसापासून जेवताना भांड्यांचाच आवाज. सूनबाई एरवी माझ्यापुढे फार बोलत नाही, पण त्या वेळी तिनं ताट बाजूला सारलं.

"आई, तिला पाठवू या."

"हाकेच्या अंतरावर शाळा आहे. ती टाकून उजाडायच्या आत जायचं आणि अंधार पडल्यावर यायचं, पोरगी काय चोऱ्या करायला चाललीय?"

"तिला इथे काही उरलं नाही, आई."

"उरलं नाही? मी उरले आहे. मनी आहे. अख्खी गल्ली आहे."

"मी शिकण्याचं म्हणतेय."

"शिकणं कुठे पळून जातंय? आणि चार शहाणी एकत्र बसवली तर काय होतं माहीत आहे? कुणी कुणाचं ऐकत नाही. आपल्या घरात दोघी आहोत, बघ काय दशा आहे."

चिरंजीव हसायला गेला आणि बायकोचा चेहरा बघून खोकला. माझा मुलगा म्हणजे चारही बाजूंनी शिवलेली उशी, तोंडच नाही. शेवटी म्हणाला, "आई म्हणेल तसं." सूनबाई उठून गेली.

आता मी काही दुष्ट नाही. माझी ती एकुलती एक नात, आणि मला तिचं वाईट व्हावं असं का वाटेल? मला एवढंच वाटत होतं की दुपार झाली की ती गल्ली ओलांडून यावी. बाकीच्यांना आयुष्यात काय काय हवं असतं. मला दुपार हवी होती.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाजारात गेली तेव्हा मी गणवेशाच्या ताग्याची गाठ सोडली. टाचणीचा फ्रॉक कापायला घेतला. एका वर्षाचा नव्हे, समोरच्या शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत पुरेल असा. बाजूच्या शिवणींत बोटभर माया, खाली तिहेरी दुमड. असा फ्रॉक मी जन्मात कुणाला शिवला नव्हता. कात्री चालवली आणि मला गार वाटलं. वाद संपला.

सूनबाई आली. टेबलावरचे तुकडे बघितले. तिला सांगावं लागलं नाही, याच घरात ती इतकी वर्षं काजं करते आहे. तिनं पिशवी खाली ठेवली, डबीतून बटणं काढली, आणि फ्रॉक तयार झाल्यावर लावून दिली. दोरा दातानं तोडताना मात्र असा तोडला की मला वाटलं माझंच बोट आहे.

टाचणीला घालून बघितला. ती आरशासमोर उभी राहिली, खाली त्या दुमडीचं ओझं गुडघ्यांवर आपटत होतं.

"आजी, हा जड आहे."

"असू दे. पुढची सगळी वर्षं आहेत त्यात."

"म्हणजे मी खिडकीजवळच बसणार?"

"हो तर!"

"बरं," ती म्हणाली. मग दुमड हातात धरून झुलवत म्हणाली, "आजी, कॉलर लावताना तू मधेच थांबतेस. मग मशीन दोनदा खोकतं, मग परत चालू होतं. बाहीला तसं होत नाही. मला वर्गात बसून आवाजावरून कळतं तू काय शिवतेयस."

"अभ्यास करतेस की माझं मशीन ऐकतेस?"

"बाई तेच परत सांगतात ना, तेव्हा ऐकते."

"आणि बाई परत कधी सांगतात?"

"नेहमीच."

मी हसले. इस्त्रीवाल्याला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का रे, माझी नात डोळे मिटून सांगते मी कॉलर लावतेय की बाही!" तो म्हणाला, "कमाल आहे." सूनबाईनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला ते बघणं कळलं नाही.

निवडलेल्या मुलांनी त्या शाळेत एक दिवस बसून बघायचं, असं आधीच ठरलेलं होतं. सूनबाई म्हणाली, "कापलंत तर कापलंत. पण बोलावलंय तर तोंड तरी दाखवू द्या तिला." मी म्हटलं, "मी नेते." मनात म्हटलं, दुरून डोंगर साजरे. जाते आणि पिशवीभर दोष गोळा करून आणते.

बसनं गेलो. टाचणी खिडकीशी बसून नाक काचेला लावून होती. शाळा लांब, फारच लांब. मी मनात पहिला दोष टाकला. शाळेत पोचलो तर मुलं कुठल्याही रंगाचे कपडे घालून आलेली. गणवेशच नाही! दुसरा दोष. दारावरच्या शिपायाला मी विचारलं, "गणवेश नाही, मग पोर हरवलं तर कुठल्या शाळेचं ते कळणार कसं?" तो म्हणाला, "विचारलं की सांगतात, आजी. फार बोलतात ही मुलं." तिसरा दोष.

मोठ्या माणसांना वर्गात सोडत नव्हते. अंगणात बाक होता, मी तिथे शिवण घेऊन बसले. आणि बघते तर समोरच वर्गाची खिडकी, आणि खिडकीजवळ टाचणी. मला हसू आलं. म्हटलं, घ्या, जागा बदलली तरी पोरीची खोड तीच. आता बघेल माझ्याकडे.

ती बघेना.

सुरुवातीला वाटलं, नवं नवं आहे. मी बाहीची टीप घालत राहिले, मधून मान वर करत राहिले. आत तिच्या टेबलाशी आणखी काही पोरं गोळा झाली होती, मधे लाकडाचे तुकडे होते कसले, आणि सगळी एकदम बोलत होती. मी खोकले. मग बाक बदलला, जरा पुढच्या बाकावर जाऊन बसले. पिशवीत लाल चिंधी होती, ती काढून झटकली, जसा काही धागा झटकतेय. शिपायानं बघितलं, एका कावळ्यानं बघितलं. टाचणी खुर्चीवर गुडघे टेकून टेबलावर ओणवी झाली होती. तिची पाठ माझ्याकडे होती, आणि ती पाठ मी कधी बघितलीच नव्हती. आमच्या शाळेत ती खिडकीत अशी बसायची जशी दोरीवर वाळत घातलेली ओढणी, वाऱ्यानं हललं तर हललं. इथे पाठ धनुष्यासारखी ताणलेली होती. शिवणीसकट. मी डोळ्यांनी माप घेणारी बाई, मला आणखी काय सांगायला हवं होतं?

तेव्हा मला कॉलरचं आठवलं. बाही नाही, कॉलर. बाई परत तेच सांगतात तेव्हा. नेहमीच.

इतके दिवस ती माझ्याकडे बघत नव्हती हो. तिला बघायला दुसरं काही नव्हतं, आणि समोर मी होते.

हातातली बाही मी उलटी जोडली होती. बसल्या जागी उसवली.

सुट्टी झाली. पोरांचा लोंढा बाहेर आला. टाचणी एका जाड भिंगवाल्या मुलीशी तावातावानं भांडत माझ्यासमोरून पुढे गेली. चार पावलं जाऊन थांबली, वळली, आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अगं आजी! तू अजून इथेच आहेस?"

"नाही, घरी जाऊन आले," मी म्हटलं. तिनं ते ऐकलंही नाही, भिंगवालीनं हाक मारली होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "आजी, मला आज एक उत्तर आलं नाही."

"मग? रडलीस?"

"नाही गं. त्या मुलीलाही आलं नाही. सरांनाही लगेच आलं नाही. ते म्हणाले, चला, बघू या. मग आम्ही सगळे मिळून बसलो." एवढं बोलून तिनं माझ्या हातावर डोकं टेकलं. कपाळ गरम होतं, खेळून आल्यासारखं. "आजी, आपण उद्या परत जायचं?"

मी काही बोलायच्या आत तिनंच डोकं उचललं. "हां. नाही. फ्रॉक कापलाय ना."

रुसून नाही म्हणाली. शिंप्याच्या घरची पोर ती, घरची रीत तिला ठाऊक. कापलेलं परत जात नाही, तर नाही. तिनं पुन्हा काचेला नाक लावलं. मग तसंच बाहेर बघत विचारलं, "आणि मी गेले असते तर मनीशेजारी कोण बसलं असतं?"

"कुणीतरी बसलं असतं."

"तिला भागाकार मी सांगते. बाईंचा तिला कळत नाही."

"संध्याकाळी सांगशील."

"आणि तुझ्या सुया?"

बसमध्ये लोक होते. मी म्हटलं, "हळू बोल. मी काय तुझ्या जन्माआधी शिवत नव्हते?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. आता खरंच माझ्याकडे. "आजी, तू 'संध्याकाळी सांगशील' म्हणालीस."

"जिभेला हाड नाही माझ्या," मी म्हटलं. "बाहेर बघ."

घरी आल्या आल्या मी तो फ्रॉक खुंटीवरून काढला. चिरंजीव मशीन थांबवून बघायला लागला. मी टेबलाशी उभी राहिले आणि खालच्या दुमडीचा पहिला टाका कापला.

"आई, काय करतेयस?"

"दिसत नाही का? डोळे बायकोकडे ठेवायला दिलेस?"

सूनबाई आतून आली. मी मान वर केली नाही. म्हटलं, "मोठ्या बाईंना सांग, पोरगी जाईल."

"पण आई, कापड कापलंय..."

"कापलेलं कापड परत जात नाही. दुसऱ्याच्या अंगाला मात्र जातं. मनीला बोलाव. त्या पोरीचे पंजे बघितलेस? बापाएवढी उंच होणार आहे."

सूनबाई हलली नाही. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली, दुसऱ्या टोकानं उसवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी पण खिडकीजवळ बसायचे, आई. आमच्या शाळेत." इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "समोर काय होतं?" ती म्हणाली, "भिंत." आम्ही दोघी उसवत राहिलो.

मनीला तो फ्रॉक दुमड सोडल्यावर बरोबर बसला. इस्त्रीवाल्यानं पाणी मारून, दाबून इस्त्री केली, तरी खालच्या रेघा जाईनात. "मास्तरीणबाई, दुमडीची खूण राहतेय."

"राहू दे," मी म्हटलं. "धुऊन धुऊन जाईल."

टाचणी आता सकाळी गाडीनं जाते. निघायच्या आधी अर्धवट झोपेत, एका पायात मोजा, एक पाय उघडा, माझ्या सुया ओवते आणि उशीत टोचून ठेवते. "उद्यापर्यंत पुरव हं." गाडी आली की धावते. खिडकीतून हात करते, गाडी वळायच्या आत कुणाशी तरी बोलायला लागलेली असते. संध्याकाळी येते ती भुकेली आणि बोलत बोलतच. निम्मं मला कळत नाही, उरलेलं निम्मं तिच्या तोंडात घास असल्यामुळे कळत नाही. मग मनी येते वही घेऊन, आणि दोघी त्याच टेबलावर चढून बसतात. माझी काही तक्रार नाही. तक्रार करायची तर मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, हे गल्ली जाणते.

फक्त दुपारी टेबल फार स्वच्छ राहतं.

समोरच्या शाळेत खिडकीजवळच्या जागेवर आता मनी बसते. माझ्या हातचा फ्रॉक, खाली दुमडीच्या फिकट रेघा. वहीत डोकं घातलेलं असतं, आणि घातलेलंच बरं. मी माझी शिवत असते. बाही शिवताना काही वाटत नाही, पायजमा शिवताना नाही. कॉलर आली की मात्र मशीन थांबतं, दोनदा खोकतं. मी मान वर करते.